खोलीत कुणीच सिगारेट ओढत नव्हतं, तरी त्याला धुराची वलयं दिसत होती : एमडीए स्वतःवर तपासणाऱ्या गॉर्डन ॲलेसची गोष्ट

साल १९३०. जुलै महिना. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये २८ वर्षांचा एक केमिस्ट वाट बघत बसला होता. कशाची, तर आपल्या शरीरात आता काय होतंय याची.

थोड्या वेळापूर्वी त्याने लॅबमध्ये तयार केलेलं एक रसायन पोटात घेतलं होतं. पहिल्या छोट्या डोसने फारसं काही जाणवलं नाही, म्हणून त्याने आणखी घेतला. त्याचा अंदाज साधा होता. रक्तदाब जरा वाढेल, नाक मोकळं होईल, कदाचित झोप उडेल. वर्षभरापूर्वी याच रसायनाच्या एका भावंडाने त्याच्यावर हेच परिणाम केले होते.

झालं मात्र वेगळंच. हवेत राखाडी धुराची वलयं तरंगताना दिसू लागली. खोलीत कुणी सिगारेट ओढत नव्हतं. नीट लक्ष देऊन पाहिलं की वलयं जायची, नजर सैल सोडली की परत यायची. बाहेर चालणाऱ्या माणसांच्या पावलांचे आवाज नेहमीपेक्षा कितीतरी स्पष्ट ऐकू येत होते.

या माणसाचं नाव गॉर्डन ॲलेस. त्याने घेतलेल्या रसायनाचं लांबलचक नाव मिथिलिनडायऑक्सिॲम्फेटामाइन, आणि छोटं नाव एमडीए. निवडुंगातून मिळणारं मेस्कलिन हे भास घडवणारं जुनं द्रव्य, आणि एमडीए म्हणजे त्याचा प्रयोगशाळेत जन्मलेला नातेवाईक. एमडीएमए ऊर्फ एक्स्टसीचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. त्याच्या आधी या वाटेवर आलेल्या एमडीएची आणि ते पहिल्यांदा घेणाऱ्या ॲलेसची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

ॲलेसचा जन्म २६ नोव्हेंबर १९०१ चा. शिक्षण कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये. आज कॅलटेक म्हटलं की नोबेलविजेत्यांची रांग डोळ्यांसमोर येते, पण ॲलेस शिकत होता तेव्हा हे नाव मिळून संस्थेला जेमतेम काही वर्षं झाली होती. १९२६ मध्ये त्याने तिथूनच पीएचडी केली. विषय होता इन्सुलिन.

तो काळ लक्षात घ्या. १९२१-२२ मध्ये कॅनडातल्या टोरंटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं होतं. त्याआधी लहान वयात मधुमेह झाला की मूल वाचत नसे. उपाशी ठेवून दिवस वाढवायचे, एवढाच इलाज होता. त्यामुळे इन्सुलिन शुद्ध कसं करायचं, ते नेमकं आहे तरी काय, यावर जगभर धडपड सुरू होती. अमेरिकन औषधशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव, जॉन जेकब एबल, हेही याच कामासाठी काही काळ कॅलटेकला आले होते. तरुण ॲलेस या धडपडीत शिकला. मधुमेहाबद्दल त्या काळात जेवढं माहीत होतं, त्यातलं बरंचसं त्याला माहीत होतं. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

पदवी झाली, पण पोट कुठल्या कामावर भरायचं? ॲलेसला काम मिळालं लॉस एंजेलिसमधल्या जॉर्ज पिनेस नावाच्या डॉक्टरांकडे. पिनेस ॲलर्जीचे डॉक्टर. त्यांच्याकडे दमेकऱ्यांची आणि परागकणांमुळे नाक वाहणाऱ्यांची रीघ असायची. ॲलेस त्यांच्यासाठी रसायनांचं काम बघायचा.

त्या वर्षांत दम्यावरचं सगळ्यात चर्चेतलं औषध होतं इफेड्रिन. ते मिळायचं मा हुआंग नावाच्या चिनी वनस्पतीपासून. चिनी वैद्य ती शतकानुशतकं वापरत होते, आणि १९२४ च्या सुमारास चेन आणि श्मिट या दोन संशोधकांनी तिचा प्रभाव पाश्चात्त्य डॉक्टरांना पटवून दिला. ही वनस्पती आपल्यालाही परकी नाही. तिच्या हिमालयातल्या जातभाईंना आयुर्वेदात सोमलता म्हणतात. काही अभ्यासक तर वेदांतला सोम तो हाच असं मानतात, अर्थात त्यावर वाद आहेत. मुंबईत पारशी धर्मगुरू यस्न विधीत होम म्हणून ज्या काड्या वापरतात, त्या याच कुळातल्या.

इफेड्रिनची अडचण दोन प्रकारची होती. एक म्हणजे ते महाग. दुसरी म्हणजे कच्चा माल चीनमधून येणार, त्याचा काही भरवसा नाही. पिनेस यांना त्याच्यासारखंच काम करणारं, पण लॅबमध्ये स्वस्तात बनणारं काहीतरी हवं होतं. ते शोधायची जबाबदारी ॲलेसवर आली.

इथे थोडी केमिस्ट्री लागेल. घाबरू नका, दोन मिनिटांचं काम आहे.

एक षटकोनी कडी डोळ्यांसमोर आणा. तिला दोन कार्बनची छोटी शेपटी जोडा. शेपटीच्या टोकाला नायट्रोजन लावा. हा झाला सांगाडा. आपल्या शरीरातलं ॲड्रेनालिन याच सांगाड्यावर उभं आहे, डोपामाइनही. त्यामुळे या सांगाड्याचं कुठलंही रसायन शरीरात गेलं की ते घरच्याच माणसासारखं आत शिरतं. इफेड्रिन याच कुटुंबातलं. मेस्कलिनही याच कुटुंबातलं, फक्त त्याच्या कडीवर ऑक्सिजन आणि कार्बनच्या तीन फांद्या फुटलेल्या असतात. कडीवर काय लावलंय आणि शेपटीवर काय लावलंय, यावर ते रसायन दम्याचं औषध होणार, झोप उडवणार की भास दाखवणार हे ठरतं.

ॲलेसने नेमकं हेच केलं. सांगाडा तोच ठेवायचा, एकेक बदल करत नवी रसायनं बनवायची आणि प्राण्यांवर तपासायची. त्यात एक असं निघालं, ज्याच्या कडीवर काहीच नव्हतं, फक्त शेपटीला एक कार्बन जास्त होता. आज त्याला जग ॲम्फेटामाइन म्हणून ओळखतं.

खरं तर हा रेणू आधीच बनून गेला होता. १८८७ मध्ये बर्लिनमध्ये लाझार एडेलेआनू नावाच्या रोमानियन केमिस्टने तो तयार केला होता. पण तो शरीरात काय करतो हे त्याने पाहिलंच नाही. पुढे हा एडेलेआनू खनिज तेल शुद्ध करण्याच्या पद्धतीसाठी प्रसिद्ध झाला, आणि ॲम्फेटामाइन चाळीसेक वर्षं कागदावरच राहिलं.

३ जून १९२९. पिनेस यांचे सहकारी डॉक्टर हायमन मिलर यांनी ॲलेसला या रसायनाचं ५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन टोचलं. तोवर माणसाला ते किती चालतं हे कुणालाच माहीत नव्हतं. काही मिनिटांत ॲलेसचं नाक मोकळं झालं, छाती धडधडू लागली, रक्तदाब चढला. त्यामागोमाग एक छान, हलकं, उत्साहाचं वाटणं आलं. त्या संध्याकाळी एका जेवणाच्या पार्टीत तो भलताच बोलका आणि हजरजबाबी झाला होता. रात्री मात्र झोप नाही. डोक्यात विचारांची एकसारखी शर्यत.

दम्यासाठी हे औषध काही फार कामाचं ठरलं नाही. म्हणजे ज्या कामासाठी शोध सुरू झाला होता, ते काम फसलं. पण ॲलेसला कळलं होतं की हाती लागलेली गोष्ट भलतीच आहे.

त्यावर त्याने पेटंटचा अर्ज केला. रेणू जुना असल्यामुळे त्यावर पेटंट मिळणं शक्य नव्हतं. ॲलेसने शक्कल लढवली आणि त्या रेणूच्या क्षारांवर, म्हणजे गोळी बनवता येईल अशा रूपांवर, हक्क मागितला. १९३२ मध्ये पेटंट मंजूर झालं.

या सगळ्या गडबडीत, पहिल्या इंजेक्शनला वर्ष होऊन गेल्यावर, जुलै १९३० मध्ये त्याने एमडीए घेतलं. म्हणजे सुरुवातीला सांगितलेली ती धुराची वलयं.

एमडीएसुद्धा त्याने पहिल्यांदा बनवलेलं नाही. १९१० मध्ये जर्मनीत कार्ल मानिश आणि याकोबसोन यांनी ते तयार केलं होतं, आणि एडेलेआनूसारखंच त्यांनीही ते चाखून पाहिलं नव्हतं. रचना बघितली तर गंमत कळते. शेपटी हुबेहूब ॲम्फेटामाइनची. आणि कडीवर दोन ऑक्सिजनच्या मध्ये एक कार्बन धरून केलेली छोटी कमान. मेस्कलिनच्या फांद्यांशी तिचं जवळचं नातं. म्हणजे ढोबळमानाने डोकं मेस्कलिनच्या वळणाचं आणि शेपटी ॲम्फेटामाइनची.

ही कमान निसर्गातही सापडते. आपल्या श्रीखंडात आणि पुरणपोळीत जातं त्या जायफळातल्या मिरिस्टिसिन नावाच्या द्रव्यात अशीच कमान असते. श्रीखंडातल्या चिमूटभर जायफळाने कुणाला धुराची वलयं दिसत नाहीत हे सांगायला नको. आणि जास्त जायफळ हे विषच असतं, त्यामुळे कुणी भलते प्रयोग करू नयेत.

तर ॲलेसच्या हातात आता दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एका रसायनाने माणूस तरतरीत होतो. त्याच्याच कडीवर छोटीशी कमान चढवली की माणसाला नसलेल्या गोष्टी दिसतात. मेस्कलिन तेव्हा केमिस्टांना माहीत होतं. १८९७ मध्ये आर्थर हेफ्टर या जर्मन संशोधकाने पेयोटी निवडुंगातून ते वेगळं काढून स्वतः घेतलं होतं, आणि १९१९ मध्ये व्हिएन्नात अर्न्स्ट श्पेटने ते लॅबमध्ये बनवून त्याची रचना पक्की केली होती. पण रचनेत कुठे बदल केला तर भास सुरू होतात, या प्रश्नाचं एक ठोस उत्तर ॲलेसला स्वतःच्या अंगावर मिळालं होतं.

आणि त्याने ते जगाला सांगितलं नाही.

म्हणजे पूर्ण लपवलं असं नाही. या रसायनाचे हक्क पुढे त्याने औषध कंपनीला दिले, त्यावर काम सुरू राहिलं. पण त्या जुलैमधला स्वतःचा अनुभव त्याने सविस्तर छापला नाही. पुढची जवळपास तीन दशकं तो तसाच पडून राहिला. बाजाराचा विचार केला तर ते समजण्यासारखं आहे. नाक मोकळं करणाऱ्या आणि मूड सुधारणाऱ्या गोळीला गिऱ्हाईक होतं. धुराची वलयं दाखवणाऱ्या गोळीचं तेव्हा कुणी काय करणार?

पहिल्या गोळीचं मात्र जगाने बरंच काही केलं.

फिलाडेल्फियातली स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच ही कंपनी त्याच सुमारास बेन्झेड्रिन नावाचा इनहेलर विकत होती. नाकाला लावायची छोटी नळी, आत ॲम्फेटामाइन. कंपनीचा रेणू तोच, पण रूप वेगळं. ॲलेसने क्षारांचं पेटंट हातात घेऊन कंपनीचं दार ठोठावलं. १९३४ च्या अखेरीस बोलणी झाली. पेटंट कंपनीकडे आणि विक्रीतला ठरावीक हिस्सा ॲलेसकडे. एका ॲलर्जी डॉक्टरकडे काम करणारा केमिस्ट पुढे या रॉयल्टीवर श्रीमंत झाला.

१९३७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने बेन्झेड्रिनच्या गोळीला मान्यता दिली. बसल्या जागी अचानक झोप लागण्याच्या आजारावर, एका प्रकारच्या पार्किन्सनवर आणि नैराश्यावर. त्याच वर्षी ऱ्होड आयलंडमधल्या चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांना दिसलं की वर्गात अजिबात लक्ष न देणारी काही मुलं ही गोळी घेतल्यावर शांत बसून गणितं सोडवतात. आज एडीएचडीवर जी औषधं दिली जातात, त्यांची सुरुवात तिथे आहे. आणि त्याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री जागायला ही गोळी घ्यायला सुरुवात केली. औषध आणि व्यसन, दोघंही एकाच वर्षी दारात उभे.

मग दुसरं महायुद्ध आलं. जर्मन सैनिकांना पर्विटिन, म्हणजे मेथॲम्फेटामाइन. ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांना बेन्झेड्रिन. रात्रभर विमान चालवायचं, दिवसभर चालायचं, भूक आणि भीती विसरायची. युद्ध संपल्यावर सवय लागलेली माणसं घरी परतली. काही जण इनहेलर फोडून आतली औषधात भिजलेली पट्टी चघळायचे. घरोघरी वजन कमी करायच्या गोळ्या गेल्या. जास्त घेतलं तर झोप नाही, संशय वाढतो, माणूस चक्क वेडापिसा होतो, हे डॉक्टरांच्या लक्षात यायला उशीर लागला. १९४९ मध्ये ॲलेसच्या पेटंटची मुदत संपली आणि हा रेणू सगळ्यांसाठीच मोकळा झाला.

एमडीएची वाट मात्र अंधारातून गेली.

१९३९ मध्ये प्राण्यांवर चाचण्या. १९४१ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांवर, त्यांना काही फायदा झाला नाही. १९४९ ते १९५७ या काळात स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंचने पाचशेहून जास्त माणसांना ते देऊन पाहिलं, नैराश्यावर चालतंय का आणि भूक कमी करतंय का हे बघायला. ॲम्फेडॉक्सामिन असं बाजारू नावही तयार होतं. पण औषध म्हणून ते दुकानात कधीच पोचलं नाही. भूक मारणाऱ्या गोळीने भिंतींवर आकृत्या दाखवून चालत नाही.

त्याच काळात अमेरिकन लष्कराची नजर त्याच्यावर पडली. शीतयुद्ध तापलेलं होतं. शत्रूला खरं बोलायला लावणारं किंवा लढायला नालायक करणारं रसायन लष्कराला हवं होतं. मेस्कलिन आणि त्याची भावंडं त्यांनी यादीत घेतली. एमडीएला नंबर मिळाला ईए-१२९८.

आणि इथे ही गोष्ट फार वाईट वळण घेते.

डिसेंबर १९५२ मध्ये न्यूयॉर्क स्टेट सायकिअॅट्रिक इन्स्टिट्यूटमध्ये एक रुग्ण दाखल झाला. व्यावसायिक टेनिसपटू. घटस्फोटानंतर त्याला नैराश्याने गाठलं होतं, म्हणून तो उपचारासाठी आला होता. या संस्थेचा लष्कराशी गुप्त करार होता. त्याला मेस्कलिनच्या कुटुंबातल्या रसायनांची इंजेक्शनं एकामागून एक दिली गेली. ही उपचाराची औषधं नाहीत, लष्कराची चाचणी आहे, हे त्याला कुणी सांगितलं नाही. ८ जानेवारी १९५३ ला पाचवं इंजेक्शन दिलं, ते एमडीएचं होतं आणि डोस प्रचंड होता. ॲलेसने पोटात घेतला त्याच्या कितीतरी पट, तोही थेट शिरेत. काही तासांत तो माणूस मेला.

घरच्यांना सांगण्यात आलं की औषधाची अनपेक्षित प्रतिक्रिया झाली. खरं काय ते १९७५ पर्यंत दाबून ठेवलं गेलं. १९८७ मध्ये अमेरिकन कोर्टाने सरकारला जबाबदार धरत त्याच्या वारसांना सुमारे ७ लाख डॉलर द्यायला लावले. तोवर ३४ वर्षं गेली होती.

हा प्रयोग ॲलेसचा नव्हता. पण दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून बघावेत असेच आहेत. १९३० मध्ये एका माणसाने स्वतःच्या मर्जीने, काय घेतोय हे माहीत असताना, आधी थोडं आणि मग जास्त असं बेतून रसायन घेतलं. त्यातही धोका होता, आजच्या कुठल्याही नैतिक समितीने ते मान्य केलं नसतं. पण त्याच्या हातात घड्याळ होतं आणि थांबायचा हक्क होता. टेनिसपटूकडे यातलं काहीच नव्हतं.

१९५० च्या दशकात हवा बदलली. मे १९५३ मध्ये लेखक ऑल्डस हक्सली यांनी मेस्कलिन घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं. आता मेस्कलिन हा केमिस्टांपुरता विषय राहिला नाही. मानसोपचारतज्ज्ञ, लेखक, हेरखाती, सगळ्यांनाच त्यात रस निर्माण झाला. मनाचे आजार मेंदूतल्या रसायनांमुळे होतात का, या प्रश्नाला या द्रव्यांनी उत्तर मिळेल अशी अनेकांना आशा होती.

१९५७ मध्ये प्रिन्स्टनमध्ये मेसी फाउंडेशनची मज्जासंस्थेवरच्या औषधांची परिषद भरली. तिथे ॲलेस बोलायला उभा राहिला. विषय होता मेस्कलिन आणि त्याच्याशी नातं असलेल्या रसायनांची रचना, आणि शरीरावरचा त्यांचा परिणाम. तिथे त्याने २७ वर्षांपूर्वीच्या त्या जुलैचा हिशेब मांडला. केव्हा घेतलं, किती घेतलं, किती वेळाने काय झालं. धुराची वलयं, पावलांचे आवाज, सगळं. १९५९ मध्ये ते छापून आलं.

वयाची पंचावन्न उलटलेला, पैसा आणि नाव कमावलेला माणूस तज्ज्ञांच्या खोलीत स्वतःला झालेले भास मोजून सांगतोय, हे दृश्य आज थोडं विचित्र वाटेल. पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो मोठा ठेवा होता. मेस्कलिनच्या कडीला ॲम्फेटामाइनची शेपटी जोडता येते आणि त्यातून नवीच माणसं जन्माला येतात, ही कल्पना त्यामुळे जगासमोर आली. कॅलिफोर्नियातच, डाऊ केमिकल कंपनीत, अलेक्झांडर शुल्गिन नावाच्या तरुण केमिस्टने १९६० मध्ये पहिल्यांदा मेस्कलिन घेतलं, आणि पुढचं आख्खं आयुष्य याच कुटुंबातली शेकडो रसायनं बनवण्यात आणि ती स्वतःवर तपासण्यात घालवलं. एमडीएमए १९१२ मध्ये जर्मनीच्या मर्क कंपनीने बनवून विसरून गेलं होतं. ते मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत नेणारा हाच शुल्गिन. एमडीए आणि एमडीएमए यांच्यात फक्त एका कार्बनचा फरक. एमडीएमए घेतल्यावर यकृत तो कार्बन छाटतं आणि त्यातल्या काही भागाचं शरीरातच एमडीए होतं.

ॲलेस मात्र आता वनस्पतींकडे वळला होता. १९६१ मध्ये त्याने सहकाऱ्यांसोबत खात या झाडावर मोठा निबंध छापला. येमेन आणि इथिओपियात लोक दुपारी बसून ज्याची पानं चघळतात, ते हे झाड. त्या पानांतली तरतरी कुठून येते हे त्याला शोधायचं होतं. खरं उत्तर, कॅथिनोन नावाचं द्रव्य, त्याच्या हयातीत सापडलं नाही. ते सापडायला १९७५ साल उजाडलं.

या कॅथिनोनचा आपल्याशी फार जवळचा संबंध आहे. पुणे, नाशिक, मुंबईच्या बातम्यांत गेल्या काही वर्षांत एमडी ड्रग्ज पकडल्याचं सतत येतं. अनेकांना वाटतं ते एमडीए किंवा एमडीएमए असेल. तसं नाही. आपल्याकडचं एमडी म्हणजे मेफेड्रोन, कॅथिनोनपासून बनवलेलं कृत्रिम रसायन. सांगाडा मात्र तोच, षटकोनी कडी आणि नायट्रोजनची शेपटी. २०१५ मध्ये ते एनडीपीएस कायद्याच्या यादीत आलं. मेस्कलिन आणि एमडीएमए या यादीत आधीपासून आहेत.

कॅलटेकला ॲलेस विसरला नव्हता. ॲम्फेटामाइनच्या कमाईतला मोठा वाटा त्याने आपल्या जुन्या संस्थेला दिला. १९६० मध्ये तिथे रेणूंच्या पातळीवर जीवशास्त्राचा अभ्यास करण्यासाठी नवी इमारत उभी राहिली, गॉर्डन ॲलेस लॅबोरेटरी.

जानेवारी १९६३ मध्ये ॲलेस अचानक गेला. वय ६१. कारण होतं मधुमेह, आणि त्याला मधुमेह आहे याचं निदानच झालेलं नव्हतं. पीएचडी इन्सुलिनवर केलेला माणूस. नाक किती मिनिटांनी मोकळं झालं, धूर केव्हा दिसला याची नोंद ठेवणारा माणूस. वर्षानुवर्षं रक्तात वाढणारी साखर त्याच्या वहीत कुठेच आली नाही. त्याच्या हाताशी लॅब होती, डॉक्टर मित्र होते, लघवीतली साखर तपासायला तेव्हाही काही मिनिटं पुरायची.

तो गेला त्याच सुमारास, १९६३-६४ मध्ये, एमडीए अमेरिकेत नशेसाठी मिळू लागलं. सुरुवातीला तर रसायनं पुरवणाऱ्या कंपन्यांकडून ते सरळ विकत घेता यायचं. हिप्पींच्या काळात प्रेमाचं औषध म्हणून त्याचा बोलबाला झाला. चिलीचे मानसोपचारतज्ज्ञ क्लाउडिओ नारांहो यांनी ते रुग्णांना जुन्या आठवणींपर्यंत नेण्यासाठी वापरून पाहिलं. पण अंग बेसुमार तापणं, हृदयावर ताण, आणि डोस जरा चुकला तर मृत्यू, हेही सोबत आलं. १९७० च्या कायद्याने अमेरिकेने ते सगळ्यात कडक बंदीच्या यादीत टाकलं.

पासाडेनामधल्या ॲलेस लॅबोरेटरीत अजूनही जीवशास्त्राचं काम चालतं.